तीन राष्ट्राध्यक्षांना पळवून लावणारा देश मतदानालाच का जात नाही?

३० नोव्हेंबर २०२५ ला किरगिझस्तानात संसदेची मुदतपूर्व निवडणूक झाली. मतदान किती? सुमारे ३७ टक्के. म्हणजे दर १० मतदारांपैकी ६ जण मतदान केंद्राकडे फिरकलेच नाहीत. निवडून आले ते जवळपास सगळे राष्ट्राध्यक्ष सादिर जापारोव यांचे समर्थक किंवा त्यांना विरोध न करणारे.

आता यात विशेष काय? तर हा तोच देश आहे, जिथल्या लोकांनी १५ वर्षांत तीन राष्ट्राध्यक्षांना रस्त्यावर उतरून खुर्चीवरून खाली खेचलं. त्यातली दोन आंदोलनं तर संसदेच्या निवडणुकीवरूनच पेटली होती. मग याच लोकांचा संसदेतला रस का संपला?

आधी थोडा इतिहास

किरगिझस्तान १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. लोकसंख्या सुमारे ७० लाख, राजधानी बिश्केक. महाराष्ट्रातल्या अनेक घरांना हे नाव माहिती आहे, कारण इथली बरीच मुलं तिकडे एमबीबीएसला जातात.

शेजारच्या देशांमध्ये एकच नेता वर्षानुवर्षं सत्तेत राहिला. किरगिझस्तानात मात्र तसं झालं नाही. २००५ च्या संसदीय निवडणुकीत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अस्कर अकायेव यांचा मुलगा आणि मुलगी दोघंही उभे राहिले. निकालात गडबड झाल्याचा आरोप झाला, लोक भडकले आणि २४ मार्चला अकायेव देश सोडून पळाले. त्यांच्या जागी आलेल्या कुर्मानबेक बाकियेव यांचंही २०१० मध्ये तेच झालं.

सगळी ताकद संसदेला

दोनदा हात पोळल्यावर देशानं २०१० मध्ये सार्वमत घेऊन नवी राज्यघटना आणली. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमी झाले, संसदेचे वाढले. १२० जागांच्या संसदेत एका पक्षाला ६५ पेक्षा जास्त जागा मिळणार नाहीत, असा नियमही केला. उद्देश सरळ होता, पुन्हा कुणी एकटा डोईजड होऊ नये.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या निवडणुकीत पाच पक्ष संसदेत आले. सर्वात मोठ्या पक्षाला मिळाल्या फक्त २८ जागा. मध्य आशियासाठी हे नवलच होतं.

मग २०२० मध्ये काय बिनसलं?

४ ऑक्टोबर २०२० च्या निवडणुकीत १६ पक्ष उतरले. संसदेत शिरायला किमान ७ टक्के मतं लागायची. प्राथमिक निकालात चारच पक्षांनी हा उंबरठा ओलांडला आणि त्यातले तीन सत्तेच्या जवळचे मानले जात होते. उरलेल्या १२ पक्षांना मिळालेली जवळपास एकतृतीयांश मतं वाया गेली.

त्यात मतं विकत घेतल्याचे आरोप झाले. 'फॉर्म क्रमांक २' नावाची एक सोय होती. गाव सोडून शहरात राहणाऱ्यांना जिथे राहतात तिथेच मतदान करता यावं, यासाठी ती आणली होती. पण हाच फॉर्म भरून विकत घेतलेले मतदार हव्या त्या केंद्रावर वळवले, असं विरोधकांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी बिश्केकच्या अला-तू चौकात गर्दी जमली. त्याच रात्री आंदोलक संसद आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय असलेल्या 'व्हाइट हाऊस'मध्ये घुसले. ६ ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं निकाल रद्द केला आणि १५ तारखेला राष्ट्राध्यक्ष सूरोनबाय जीनबेकोव यांनी राजीनामा दिला.

आंदोलनाचा फायदा झाला कुणाला?

खरी मेख इथेच आहे. त्या रात्री समर्थकांनी तुरुंगातून सोडवलेल्या नेत्यांमध्ये सादिर जापारोव होते. एका अधिकाऱ्याला ओलीस धरल्याच्या प्रकरणात ते शिक्षा भोगत होते. हा खटला राजकीय असल्याचा त्यांचा दावा होता. दहा दिवसांत ते पंतप्रधान आणि प्रभारी राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ७९ टक्के मतं घेऊन ते रीतसर निवडूनही आले.

त्याच वर्षी नवी राज्यघटना आली. सरकारची सूत्रं पुन्हा राष्ट्राध्यक्षांकडे गेली आणि संसदेच्या जागा १२० वरून ९० झाल्या. म्हणजे लोक भांडले संसदेच्या मतांसाठी आणि त्यातून कमजोर झाली ती संसदच.

जापारोव यांना लोकांचा पाठिंबा नाही असं नाही. कुमतोर या सोन्याच्या मोठ्या खाणीचा ताबा कॅनडाच्या कंपनीकडून देशाकडे आणण्याचं श्रेय त्यांना मिळतं. संसदेतल्या भांडणांना कंटाळलेल्या अनेकांना खंबीर नेता हवाच होता.

मतदान का घसरलं?

२०२० मध्ये सुमारे ५६ टक्के मतदान झालं होतं. २०२१ च्या संसदीय निवडणुकीत ते ३४ टक्क्यांवर आलं. लाखो किरगिझ कामगार रशियात असतात, हे एक कारण सांगितलं जातं. पण ते २०२० मध्येही तिकडेच होते. बदलली ती संसदेची ताकद. ज्या सभागृहाच्या हातात फार काही उरलं नाही, त्यासाठी रांगेत उभं कोण राहणार?

२०२५ मध्ये पक्षांच्या याद्याही गेल्या. देशाचे ३० मतदारसंघ केले आणि प्रत्येकातून तिघे निवडले गेले. तिघांपैकी जास्तीत जास्त दोघेच पुरुष असू शकतात, त्यामुळे महिलांच्या जागा पक्क्या झाल्या. ही चांगली बाजू. पण पक्षच मागे पडले की सरकारला एकत्र जाब विचारणारा गटही विस्कळीत होतो. त्यात 'क्लूप'सारख्या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेवर बंदीचा आदेश आला आणि मतदानाच्या काही दिवस आधी विरोधी नेत्यांना अटक झाली.

पुढे काय?

जानेवारी २०२७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ठरलेली आहे. सध्या बिश्केकच्या चौकात शांतता आहे. पण २००५ आणि २०१० च्या आधीही सत्ता अशीच एका हातात गोळा झाली होती. नाराजी मतपेटीतून बाहेर पडली नाही, तर ती कुठून बाहेर पडते हे किरगिझस्ताननं तीनदा पाहिलं आहे.