तेलाचा हिशेब कोण देणार?

डोंगरकड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत वीज गेली की थोड्याच वेळात जनरेटरची घरघर सुरू होते. केळीच्या बागेचे पाणी चुकवून चालत नाही, म्हणून शेतकरी डिझेल इंजिन बाहेर काढतो. दुकानदाराला फ्रिजमधला माल सांभाळायचा असतो. मशिदीतही पंख्यांसाठी आणि वुजूच्या पाण्यासाठी जनरेटर लावावा लागतो. हे सारे तेल विजेसाठीच जळते. पण त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

वीजनिर्मिती केंद्रातल्या तेलाचा हिशेब मात्र बारकाईने ठेवला जातो. परळीसारख्या औष्णिक केंद्राचे मुख्य इंधन कोळसा. तरीही संच पेटवताना आणि कमी भारावर चालवताना तेल लागतेच. केंद्रीय वीज नियामक आयोगाने कोळशाच्या केंद्रांसाठी या तेलाचा निकष 2009 च्या नियमांत युनिटमागे 1 मिलिलिटर ठेवला होता. 2014 पासून तो अर्ध्या मिलिलिटरवर आणला. राज्य आयोगही आपल्या अखत्यारीतील केंद्रांसाठी असे निकष ठरवतो. यामागचे तत्त्व साधे आणि न्यायाचे आहे: निष्काळजीपणाने जास्त तेल जाळले, तर त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा?

हे तत्त्व बाजूला पडले की काय होते, ते महाराष्ट्राने दाभोळमध्ये पाहिले. एन्रॉनचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. नाफ्थ्याचा भाव चढला किंवा रुपया घसरला की वीज महाग होणार आणि ते ओझे राज्य वीज मंडळाने उचलायचे, असा करार होता. 2001 मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबवले. नफा कंपनीचा आणि इंधनाच्या भावाचा धोका जनतेचा, असा तो व्यवहार होता.

आज तोच धोका लहान रूपात आपल्या घरी येतो. वीजबिलावर ‘इंधन समायोजन आकार’ असा एक रकाना असतो. तो आपल्यापैकी किती जण वाचतात?

आणि जिथे वीजच येत नाही, तिथे तर धोका पूर्णपणे आपल्याच माथी. लहान जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये साधारण तीन युनिट वीज देतो. म्हणजे एका युनिटला निव्वळ तेलाचेच तीस रुपयांच्या आसपास पडतात. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळू लागली, हे स्वागतार्हच. पण वीज माफ झाली, डिझेल माफ झाले नाही. रोहित्र जळाले आणि आठवडाभर बदलले नाही, तर त्या आठवड्याचे तेल शेतकऱ्याच्या खिशातून जाते. नियमाप्रमाणे ग्रामीण भागात ते 48 तासांत बदलायला हवे; मुदत टळली तर भरपाई मागता येते. मागतो कोण?

मापात खोट करणाऱ्याला कुरआनने कडक ताकीद दिली आहे. ती फक्त तराजू धरणाऱ्या वाण्याला लागू नाही; ठरलेले तास वीज न देणाऱ्या व्यवस्थेलाही लागू आहे. आणि आपल्यालाही. लग्नाच्या मांडवात भरदिवसा जनरेटरवर झगमगाट करणे हा इस्राफच आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो, मग तेलाला वेगळा न्याय का?

म्हणून आमची मागणी एवढीच आहे: प्रत्येक फीडरवर महिन्यात किती तास वीज बंद होती, याचा तक्ता ग्रामपंचायतीत मराठीत लागावा. तो लागेपर्यंत मशीद कमिटीने, बचत गटाने, शेतकऱ्यांनी स्वतः वही घालावी. वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, जळालेले डिझेल, एवढ्या तीनच नोंदी. वीज कायदा 2003 प्रमाणे दर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. रिकाम्या हाताने केलेल्या तक्रारीपेक्षा ही वही तिथे जास्त बोलेल. पुढच्या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटे बसून हे काम कोण करणार, तेवढे ठरवू या.