आपोआप फिरणारे चाक

बैल बुजला तर कासरा ओढावा. पण स्टिअरिंगच बुजले तर काय ओढावे? गेल्या दिवाळीत हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

पुतण्याच्या पिकअपमधून सावद्याची केळी घेऊन आम्ही धुळ्याला निघालो होतो. त्याची चार वर्षांची पोर माझ्या मांडीवर. शेतरस्त्याला प्रत्येक खड्ड्यागणिक स्टिअरिंग आपले आपण वळे.

"रस्ताच खराब शे, काका," पुतण्या म्हणाला. मलाही पटले.

बांभोरीला गिरणा ओलांडली. पूर्वीचा ६ क्रमांकाचा हा महामार्ग २०१० पासून ५३ झाला आहे. त्यावर गाडी गरीब गाईसारखी चालली. पण पारोळ्यापुढे एका खड्ड्यात झटका बसला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि समोर एस. टी.! थोडक्यात वाचलो.

धुळ्याच्या मिस्त्रीने आधी टायरची हवा पाहिली. मग पुतण्याला स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगून तो स्वतः गाडीखाली शिरला आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेला. टाय रॉडच्या टोकाचा बॉल खुळखुळत होता. "हा निखळला तर चाक तुमचे ऐकणार नाही," तो म्हणाला.

नंतर दोघांनी मिळून गाडीचे तोंड दाबून वरखाली केले. हात न लावता स्टिअरिंग फिरले!

"हा दुसरा रोग. पुढे जास्तीचा पाटा टाकलाय. गाडी उचलली गेली आणि स्टिअरिंगचा दांडा तिरपा झाला. खड्ड्यात ॲक्सल एका वाटेने वर जातो, दांडा दुसऱ्या वाटेने. मग दोघांच्या भांडणात चाक वळते. पाटा टाकायचा सल्ला कोणी दिला?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. 'माल जास्त बसेल' असे सांगणारा शहाणा मीच होतो.

केळी दुसऱ्या गाडीने गेली, भाडे बुडाले, हप्ता तर तोंडावर आलेला. "बॉल बदलू, पाट्याचे दिवाळीनंतर बघू," पुतण्या पुटपुटला. पोर गोणपाटावर झोपली होती. मी मिस्त्रीला म्हटले, "दोन्ही आजच करा."

"पैसे?" पुतण्याने विचारले.

"निम्मे माझे. सल्ला फुकट दिला होता, तोच महाग पडला!"