साठ लाखांची मोटार आणि दोन इंच फोम

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा नावाचे गाव आहे. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी चारदोन तरुण हमखास बसलेले दिसतात. हातातल्या मोबाइलवर एका नव्या अमेरिकन मोटारीचे चित्र असते. तिच्या नाकाला जाळी नाही, दाराची मूठ पत्र्यात लपलेली आहे, चालकासमोर घड्याळे आणि बटणे नसून एकच मोठा पडदा आहे, या प्रत्येक गोष्टीवर गंभीर खल चालतो. एकाला ते बिनजाळीचे नाक भविष्याचा चेहरा वाटते, तर दुसऱ्याला बेडकाचे तोंड. जवळच पिशवी सांभाळीत उभी असलेली एखादी म्हातारी तेवढ्यात विचारते, "झिलांनो, एस्टी कदी येतली रे?" या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या मोबाइलमध्ये नसते.

या तरुणांची टर उडविणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. सुंदर यंत्राकडे डोळे खिळावेत हा माणसाचा गुण आहे, दोष नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावर होडीचा बाक नुसत्या नजरेने जोखणारे लोक ज्या मुलखात आहेत, त्या मुलखातल्या मुलाला मोटारीच्या बाह्यरेषेतला डौल कळला तर त्यात नवल कसले? प्रश्न रसिकतेचा नाही. त्या रसिकतेवर कोण व्यापार करतो, आणि राज्यसंस्था त्या व्यापाराच्या दिमतीला का उभी राहते, हा खरा प्रश्न आहे.

मोटारीचा आकार हे माल खपविण्याचे शस्त्र कसे झाले, याचा इतिहास उघडा आहे. हेन्री फोर्डने एकाच घाटाची स्वस्त गाडी काढून अमेरिकेतल्या सामान्य माणसाला चाकांवर बसविले. पुढे बहुतेकांकडे गाडी झाली आणि बाजार थंडावू लागला. तेव्हा जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने वेगळी वाट काढली. गाडी मोडेपर्यंत ग्राहकाची वाट पाहावयाची नाही. ती धडधाकट असतानाच त्याला तिची लाज वाटू लागेल अशी व्यवस्था करावयाची. १९२७ मध्ये त्या कंपनीत हार्ले अर्ल याच्या हाताखाली रंगरूपाचे स्वतंत्र खाते उघडले गेले. १९४८ च्या कॅडिलॅकला लढाऊ विमानाच्या शेपटासारखे छोटे पंख फुटले. दरसाल ते वाढत वाढत १९५९ मध्ये कळसाला पोहोचले आणि त्यानंतरच्या पाचसहा वर्षांत नाहीसे झाले. त्या पंखांनी गाडी उडाली नाही, वेगाने धावली नाही, की अधिक सुरक्षितही झाली नाही. शेजाऱ्याची पंख नसलेली गाडी मात्र जुनाट ठरली.

या थाटाची किंमत अर्थशास्त्रज्ञांनी मोजलेली आहे. फिशर, ग्रिलिकेस आणि केसन या तिघांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषयच हा होता, की १९४९ नंतर गाडीची ठेवण दरवर्षी बदलली नसती तर किती पैसा वाचला असता. १९५६ ते १९६० या काळासाठी त्यांनी काढलेला आकडा होता दर गाडीमागे सुमारे सातशे डॉलर, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या पाव हिश्शाहून अधिक. जादा पेट्रोलचा खर्च निराळाच. हे तिघे काही समाजवादी प्रचारक नव्हते. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिचा हा कारखान्याच्या जमाखर्चातून मिळालेला पुरावा होय.

आज शेपटाचे पंख गेले आणि त्यांच्या जागी काचेचा पडदा आला. युक्ती तीच आहे. ३१ मार्च २०१६ रोजी टेस्ला कंपनीने मॉडेल ३ ही सेडान जगाला दाखविली. गाडी पाहण्यापूर्वीच अनेक देशांत लोक हजार डॉलर अनामत भरण्यासाठी रांगेत उभे होते. एका आठवड्यात सव्वातीन लाख मागण्या नोंदल्या गेल्या. भारतातल्या हौशी श्रीमंतांनीही त्या वेळचे सुमारे सहासष्ट हजार रुपये भरून नाव लावले. ही गाडी या देशात कधी येणार, कोण दुरुस्त करणार, हे ठाऊक नसताना केवळ एका आकृतीवर जडलेली ही श्रद्धा होती. प्रत्यक्षात कंपनीचे पहिले भारतीय दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, ते १५ जुलै २०२५ रोजी. तेथे विक्रीला मांडली होती ती सेडान नव्हेच, मॉडेल वाय ही दुसरीच गाडी, आणि तिची किंमत साठ लाखांच्या घरातून सुरू होत होती. गंमत अशी की ही 'अमेरिकन' गाडी अमेरिकेतून नव्हे, तर चीनमधल्या शांघायच्या कारखान्यातून आली होती. तरीही राज्याचे मुख्यमंत्री दालनाच्या उद्घाटनाला जातीने हजर राहिले. दुकान उघडले म्हणजे कारखाना आला, असा आनंद व्यक्त करण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे.

अमेरिकन मोटार कंपन्यांच्या निष्ठेचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. तीच कंपनी उदारीकरणानंतर परत आली. २००८ मध्ये तिचा तळेगावचा कारखाना सुरू झाला. २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबविली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची यंत्रे बंद केली. मागे उरला तो कामगारांचा लढा आणि न्यायालयाच्या तारखा. पुढे तो कारखाना कोरियन कंपनीकडे गेला. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. गाडीच्या नाकावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या रसिकांपैकी तळेगावच्या कामगाराचे पुढे काय झाले असे विचारणारे किती निघाले?

परंतु कंपन्या नफ्यासाठीच असतात. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे. जाब विचारावयाचा आहे तो सरकारला. त्यासाठी २०२५ या एका सालाचा महाराष्ट्राचा हिशेब पुरेसा आहे.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. शंभर रुपयांच्या प्रवासाला एकशे पंधरा रुपये पडू लागले. डिझेल महागले, सुटे भाग महागले, वेतन वाढले, ही कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला. तीस लाखांहून महाग अशा विजेच्या मोटारींवर सहा टक्के वाहनकर लावण्याचे त्यात सुचविले होते. साठ लाखांच्या मोटारीवर हा कर ३ लाख ६० हजार रुपये होतो. २६ मार्च रोजी विधान परिषदेत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे सांगितले. एसटीच्या प्रवाशाची भाडेवाढ टिकली आणि साठ लाखांच्या मोटारीवरचा कर पंधरवड्यात गळून पडला!

याच्या जोडीला आणखी एक आकडा ठेवावा. एसटीच्या तिकिटातून राज्य सरकार वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. शंभर रुपयांच्या मूळ भाड्यावर हा कर साडेसतरा रुपये होतो. आता साधा भागाकार करावा. एका साठ लाखांच्या मोटारीला माफ झालेले ३ लाख ६० हजार रुपये भरून काढण्यासाठी शंभर रुपये भाड्याची वीस हजारांहून अधिक तिकिटे फाडावी लागतात. मालवण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची शेतमजूर बाई, हायस्कुलात जाणारी मुलगी आणि सरकारी दवाखान्याची वाट धरणारा म्हातारा, अशा वीस हजारांनी मिळून जे भरावयाचे, ते एकट्या धनिकाला भरावे लागत नाही. याला अर्थशास्त्रात प्रतिगामी करपद्धती म्हणतात. साध्या मराठीत याला अन्याय म्हणतात.

एसटीलाही विजेच्या बसगाड्या हव्या होत्या. अशा ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे २०२३ मध्ये ठरले. त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, म्हणून करार रद्द करण्याचे निर्देश मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांना द्यावे लागले. त्याच परिवहन मंत्र्यांनी, प्रताप सरनाईक यांनी, ५ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या दालनातून टेस्लाची पहिली गाडी घेतली. पर्यावरणाचा संदेश पोहोचावा हा हेतू त्यांनी सांगितला. गाडी त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली. येथे व्यक्तीवर रोख नाही. पण ज्या खात्याच्या बसगाड्या आल्या नाहीत त्याच खात्याच्या मंत्र्याची मोटार मात्र आली, या योगायोगात एका युगाचे चित्र आहे. संदेश जो पोहोचला तो असा, की पर्यावरण वाचविणे ही श्रीमंतांनी मिरविण्याची गोष्ट असून बाकीच्यांनी थांब्यावर उभे राहावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की विजेची मोटार धूर सोडत नाही, म्हणून तिला सवलत हवी. मान्य, परंतु सवलत दर माणशी मोजावी. पन्नास माणसांना नेणाऱ्या बसच्या तिकिटावर कर आणि एकट्यादुकट्याला नेणाऱ्या मोटारीला माफी, हे पर्यावरणाचे कोणते शास्त्र? शिवाय स्वस्त विजेच्या वाहनांची सवलत काढा असे कोणी म्हणत नाही. प्रश्न तीस लाखांच्या वरच्या गाडीचा आहे. दुसरा आक्षेप असा की परदेशी गाडीवर केंद्र जबर आयात शुल्क घेतेच. खरे आहे, पण त्या शुल्काने कट्ट्याच्या थांब्यावर एसटी येत नाही. राज्याचा रस्ता वापरणाऱ्याने राज्याला काही द्यावयाचे की नाही? तिसरा आक्षेप असा की असे कर लावून मिळकत ती कितीशी होणार? हा युक्तिवाद तर आश्चर्यकारक आहे. मिळकत थोडी म्हणून श्रीमंताला माफी आणि गरीब संख्येने पुष्कळ म्हणून त्याच्यावर कर, असा याचा अर्थ होतो. चौथे उत्तर सवलतींचे आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट लागते, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र जी गाडी येतच नाही तिच्या तिकिटावरची सवलत पदरात कशी पडावी?

शेवटचा आरोप जुनाच आहे: समाजवाद्यांना कोणाचे सुख पाहवत नाही. या आरोपाला उत्तर देण्यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. ज्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै यांना लोकसभेत पाठविले, त्याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व १९७१ पासून मधू दंडवते यांनी केले. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. त्या काळी दुसऱ्या वर्गाचा प्रवासी उघड्या लाकडी फळीवर रात्र काढीत असे. दंडवत्यांनी वरच्या वर्गाच्या गाद्या काढून घेतल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम घातला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस धावू लागली, तीही वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. त्या दोन इंचांच्या आकृतीवर कोणी रसग्रहण लिहिले नाही. तथापि या देशात वाहनाच्या रचनेत झालेला याहून मोठा बदल दाखवावा. कोट्यवधी पाठींना त्याने आराम दिला आणि दुसऱ्या वर्गाचा प्रवासी हाही माणूस आहे, हे राज्यसंस्थेकडून कबूल करून घेतले. समाजवादाला सौंदर्याचे वावडे नाही. सौंदर्य आणि आराम यांवर थोड्यांची मक्तेदारी असू नये एवढेच त्याचे म्हणणे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी कट्ट्यावरच्या त्या तरुणांना उपदेश करू नये, त्यांच्याशी बोलावे. जी तीक्ष्ण नजर मोटारीच्या दाराची फट मोजते, ती एसटीची फुटलेली खिडकी, मोडके आसन आणि गळके छप्पर यांवर का वळू नये? बसची पायरी म्हातारीच्या गुडघ्याला झेपेल एवढी खाली का नसावी? माशाची पाटी ठेवायला जागा का नसावी? थांब्याला पावसाळ्यात कोरडे राहणारे छप्पर का नसावे? रचनेचे खरे आव्हान येथे आहे, आणि हुशार मुलांची गरजही येथेच आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. तीस लाखांहून महाग मोटारींवरचा सोडून दिलेला सहा टक्के कर लावावा. एसटीच्या तिकिटावरचा प्रवासी कर रद्द करावा. तालुक्याच्या आगारांना नव्या बसगाड्या ठरावीक मुदतीत द्याव्यात आणि ती मुदत विधिमंडळात जाहीर करावी. या मागण्या घेऊन प्रत्येक थांब्यावर सह्या गोळा करता येतील. कट्ट्यात नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण आहे. सुरुवात तेथल्या थांब्यापासून करावयास हरकत नाही. पिशवी घेऊन उभ्या असलेल्या त्या म्हातारीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, आणि तिची पहिली सही मिळायला वेळ लागणार नाही.