लकवा झालेल्याला बाजेवरून उठवा

पिकांवर लिहिणारा माणूस आज लकव्यावर का लिहितोय, असं वाटेल. पण गावोगाव फिरताना एक चित्र वारंवार दिसतं. कर्ता माणूस दवाखान्यातून घरी येतो अन् ओसरीवरच्या बाजेला खिळतो. 'पडून राहा, आराम करा' म्हणणारी माणसं मायेचीच असतात. पण पडून राहून पाय आणखी आखडतो.

माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, की रोज चालवलंच पाहिजे. पंधरवड्यातून एकदा तालुक्याला नेऊन भागत नाही. आधी ओसरीपासून गोठ्यापर्यंत, मग पारापर्यंत न्या. झोळ पडलेल्या बाजेऐवजी उंच, टणक बैठक द्या. उठण्या-बसण्याचाही सराव होतो. काठी चांगल्या हातात द्या. सोबत्याने अधू बाजूला राहावं, पण अधू हात ओढू नये. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही सांगणं आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लकव्याने अधू झालेल्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून द्यायला मदत करा. कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा लावा.

बांधावर उभं राहून 'पाणी सोडा' म्हणता आलं, की तो माणूस पुन्हा घरचा कारभारी होतो. तिथवर त्याला आपणच न्यायचं आहे.