चौपाटीचे विमान आणि अबोल गर्दी

इ. स. १८९५, गिरगाव चौपाटी. शिवकर बापूजी तळपदे यांचे 'मरुत्सखा' हे चालकाविना उडणारे विमान पंधराशे फूट उंच जाते आणि खाली येऊन आदळते. प्रेक्षकांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि सयाजीराव गायकवाड आहेत, भोवती लोकांची दाटी आहे, आणि पुढे 'केसरी'त बातमी छापून येते. राइट बंधूंचे नाव निघाले की ही कथा हमखास पुढे केली जाते.

तळपदे हे खरेखुरे गृहस्थ होते. चिराबाजारचे रहिवासी, जे. जे. कलाशाळेशी संबंधित, वेदाभ्यासाची आणि विमानविद्येची मनापासून ओढ असलेले. यात वाद नाही. वाद आहे तो केवळ त्या एका दिवसाचा. आणि त्या दिवसाची परीक्षा यंत्रापेक्षा गर्दीवरून अधिक चांगली होते, कारण या कथेचा सारा भार तिच्या प्रेक्षकांवरच टाकलेला आहे.

प्रथम उंची पाहू. राजाबाई टॉवर त्या काळी मुंबईतील सर्वांत उंच वास्तू, सुमारे २८० फुटांची. तिच्या पाचपटीहून अधिक उंच गेलेली वस्तू मलबार हिलपासून कोटापर्यंत कोणाच्याही नजरेस पडली असती. ती पाहायला चौपाटीवर निमंत्रण लागले नसते. पण साक्षीदार म्हणून नावे येतात ती मोजक्या थोरांचीच. कोळी, भंडारी, गिरण्यांतले कामगार, पारशी दुकानदार यांच्यापैकी एकही माणूस या कथेत तोंड उघडत नाही. शिवाय पंधराशे फुटांवरून आदळलेले यंत्र शिल्लक तरी काय राहणार? तरीही, तळपद्यांच्या पश्चात वारसांनी ते एका परदेशी कंपनीला विकले, असे हीच कथा पुढे सांगते.

आता वृत्तपत्रांकडे वळू. आज फिरणाऱ्या अनेक लेखांत 'केसरी'चा उल्लेख दैनिक असा आढळतो. १८९५ साली 'केसरी' साप्ताहिक होते. लिहिणाऱ्याने अंक उघडून पाहिलेलाच नाही, हे सांगायला एवढा एक शब्द पुरतो. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरवावी की नाही, यावरून टिळकपक्ष आणि रानडेपक्ष यांच्यात रण माजले होते. अशा वेळी रानडे चौपाटीवर वेदोक्त विमान पाहत उभे आहेत, ही बातमी 'केसरी'ने एकदाच छापून सोडून दिली असती काय? आणि मुंबई तर वृत्तपत्रांचे शहर. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. बंद खोलीतला तो खेळ, मोजके प्रेक्षक, तरी त्याची जाहिरात 'टाइम्स ऑफ इंडिया'त आजही वाचता येते. खोलीतल्या खेळाचा माग उरतो आणि आकाशातल्या विमानाचा उरत नाही, हे पटण्याजोगे नाही.

गगनयान खरोखर कोसळते तेव्हा बघे काय करतात? २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसहून सुटलेला प्राध्यापक चार्ल्स यांचा हायड्रोजनचा फुगा गोनेस गावी उतरला. फुसफुसणारा तो प्राणी पाहून गावकरी काटे-दाताळी घेऊन त्याच्यावर तुटून पडले. त्या प्रसंगाची चित्रे छापून विकली गेली आणि लोकांनी घाबरू नये म्हणून सरकारला जाहीर पत्रक काढावे लागले. (शहरी चित्रकारांनी खेडुतांची थट्टा करण्याची संधी साधली, हेही खरे. पण थट्टासुद्धा नोंदच असते.) ६ मे १८९६ रोजी सॅम्युएल लँगली यांचे वाफेवर चालणारे चालकविरहित यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे ३३०० फूट उडाले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याचे छायाचित्र टिपले. याच लँगलींचे मोठे विमान १९०३ साली ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात चालकासह नदीत कोसळले, तेव्हा जमलेल्या वार्ताहरांनी त्यांची सालटी काढली. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी किटी हॉक येथे राइट बंधू उडाले. तिथे प्रेक्षक होते फक्त पाच. पाचांचीही नावे ज्ञात आहेत, आणि जगप्रसिद्ध छायाचित्राची कळ त्यांच्यापैकीच जॉन डॅनियल्स यांनी दाबली होती. मोठा जमाव असूनही चौपाटी मुकी राहते.

पाऱ्याच्या 'आयन इंजिना'चा दावा तर कथेची उरलीसुरली लाजही घालवतो. पाऱ्यावर चालणारे आयन इंजिन नासाने १९६४ साली अवकाशात तपासले. असे इंजिन निर्वात पोकळीतच चालते आणि त्याचा रेटा कागदाच्या काही कपट्यांच्या वजनाएवढा असतो. त्यावर विमान जमिनीवरून इंचभरही उचलले जाणार नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र या कथेच्या भक्तांनाच प्रिय असलेल्या ग्रंथाशी निगडित आहे. 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकात सांगून लिहवून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची चिकित्सा केली, तेव्हा त्यातील विमाने उडण्यास असमर्थ ठरली. त्याच लेखात अशी नोंद आहे की मुंबईच्या तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली प्रतिकृती बनवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांपैकी एकही त्यांना उडवता आली नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा हिंदी चित्रपटही झळकला.

पुराव्याचा हा हट्ट कोणाला पाश्चात्त्य वाटत असेल, तर त्याने पालघरकडे पाहावे. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते पाहिले, फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात हजारो लोकांनी पाहिले, २०१७ साली नागरी विमान महासंचालनालयाची नोंदणी मिळाली आणि २०१८ साली पालघर जिल्ह्यातील कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. त्या योजनेविषयी कोणाचे मत काहीही असो, प्रत्येक टप्प्याला तारीख आहे, कागद आहे, छायाचित्र आहे. घरच्या घरी विमान बांधणारा मराठी माणूस हवा असेल, तर तो असा तपासता येतो.

तळपद्यांच्या कैवाऱ्यांना मागायचे ते फारसे नाही. आठवड्याला एक या हिशेबाने १८९५ सालच्या 'केसरी'चे अंक पन्नासच्या आसपास भरतील, आणि तेही थोड्या पानांचे. ते चाळावेत आणि बातमीची तारीख व पान सांगावे. सयाजीराव हजर होते असे म्हणायचे असेल, तर बडोदे संस्थानच्या दफ्तरातून त्या मुक्कामाची नोंद दाखवावी.