केळकर म्हणजेच कुलकर्णी!

"आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. प्रतिज्ञापत्र करून आणा." हे वाक्य कधीच न ऐकलेला मराठी माणूस विरळाच. लक्ष्मी एका कागदावर 'एक्स' घालून लिहिलेली, दुसऱ्यावर 'के-एस-एच' घालून. बाई तीच, जन्मतारीख तीच, नवऱ्याचं नाव तेच. पण संगणकाला अक्षरं वेगळी दिसतात आणि बाई नोटरीच्या दारात उभी. वर "सिस्टिम घेत नाही हो" हे ठेवणीतलं उत्तर आहेच.

सिस्टिम घेत नाही, कारण घ्यायला तिला कुणी शिकवलेलंच नाही. यात बाईचा काय दोष?

सारखी नावं जुळवण्याची विद्या काही कालची नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली साउंडेक्स पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा आणि तीन आकडे झाले की थांबायचं. १९३० च्या दशकात तिथे जुन्या जनगणनांच्या सूची याच पद्धतीने कार्डांवर केल्या. १८८० च्या जनगणनेतली फक्त दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेली घरं घेतली, कारण ती मुलं आता पेन्शनच्या वयाला येत होती आणि वयाचा पुरावा अनेकांकडे नव्हता. म्हणजे बघा, गणना करणाऱ्याने नाव कसंही लिहिलेलं असो, माणूस सापडला पाहिजे, ही जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतली. तेही नुसत्या कार्डांच्या जोरावर! आपल्याकडे संगणक आहेत, आणि जबाबदारी मात्र बाईवर.

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पद्धतीतही दोन्ही लक्ष्मींना 'एल-२५०' हा एकच संकेत मिळतो.

मग साउंडेक्स आणून बसवलं की झालं? अजिबात नाही. तो आळसाचाच दुसरा प्रकार. इंग्रजी वळणाची ही पद्धत मराठी आडनावांना लावली की केळकर आणि कुलकर्णी दोघेही 'के-४२६'. पाटील, पटेल आणि पटोले तिघेही 'पी-३४०'. उलट 'डब्ल्यू'वाले वाघ आणि 'व्ही'वाले वाघ एकमेकांना ओळखतच नाहीत, कारण पहिलं अक्षरच वेगळं. विदर्भात बरेच जाधव शेवटी 'व्ही'ऐवजी 'ओ' लिहितात, तेही परके!

बरं, देवनागरीतच जुळवू म्हटलं तर? एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं, ही सोव्हिएत गणिती लेवेनश्टाईन यांची १९६५ ची कल्पना. कल्पना छानच आहे. पण ती डोळे मिटून वापरली तर मोरे आणि मोघे यांच्यात अंतर एक, तर शिंदे आणि शिन्दे यांच्यात दोन. कारण अनुस्वार हे एक चिन्ह, आणि न व हलन्त ही दोन. गोऱ्हे मधला अर्धा र तर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच, संगणकाला वेगळा.

यावरचा उपाय शाळेतल्या पोरालाही कळेल. अनुस्वार आणि परसवर्ण एकच धरा. ह्रस्व-दीर्घाच्या फरकाला अगदी कमी किंमत द्या. न-ण, ल-ळ, श-ष यांना थोडी जास्त. र च्या जागी घ आला तर मात्र पुरती. याला संशोधन लागत नाही, मराठी येणारा माणूस प्रोग्रामरच्या शेजारी बसवावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, एकच प्रमाण स्पेलिंग ठरवून टाका ना! का म्हणून? आडनाव ज्याचं त्याचं. शिवाय ते स्पेलिंग बहुतेक वेळा लिहिलं कुणी? शाळेतल्या नाहीतर कार्यालयातल्या कारकुनाने. त्याचा दंड आपण का भरायचा?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशी ढिलाई केली तर उद्या कुणीही कुणाच्याही नावावर पैसे उचलेल. मान्य. म्हणूनच शेवटचा निर्णय यंत्राकडे नको. यंत्राने जवळची नावं काढून द्यावीत, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी मांडावं, आणि जबाबदार माणसाने बघून सही करावी. नुसत्या स्पेलिंगवरून कुणाचा अर्ज फेटाळू नये. आणि केळकर कुलकर्ण्यांसारखे दिसले म्हणून कुणाचं पेन्शनही अडवू नये. दोन्ही चुकांची किंमत सामान्य माणूसच मोजतो.

तोवर प्रतिज्ञापत्रं हवीच असतील तर ती सिस्टिम बनवणाऱ्यांकडून घ्या. मजकूर सोपा आहे: "मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, मराठी माणसं आपली नावं कशी लिहितात हे न पाहताच मी ही सिस्टिम बनवली आहे."