धापा टाकत धरलेला नेम

स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र असलेल्या बायथलॉनच्या समालोचनात एक वाक्य हमखास येतं: खेळाडू आता हृदयाचे ठोके शांत करेल आणि मग नेम धरेल. रायफल प्रशिक्षक म्हणून मला ते पटत नाही. शांत व्हायला वेळ असतो कुठे? चटईवर झोपून पाच गोळ्या झाडायच्या आणि निघायचं, हे सगळं जेमतेम अर्ध्या मिनिटात. स्की करताना 170-180च्या घरात गेलेले ठोके तेवढ्यात थोडेसे उतरतात, इतकंच. धडधडत्या छातीनेच गोळी मारायची, तर सरावही तसाच हवा.

अंतर 50 मीटर, गोळी पॉइंट टू टू. नेमबाज स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं त्या प्रकारातही हेच. तिथे दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, इथे झोपून मारायचं लक्ष्य 45 आणि उभ्याने 115. सोपं वाटतं. पण इथे अंगाला आधार देणारं कडक जॅकेट नसतं आणि किमान साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन माणूस चढण चढून आलेला असतो. स्प्रिंटमध्ये एक गोळी हुकली की 150 मीटरची जादा फेरी.

झोपून नेम धरताना पट्टा दंडावर आवळलेला असतो. दंडातली नाडी त्या पट्ट्यातून थेट रायफलीत उतरते आणि साइट ठोक्यागणिक हलते. ती थांबवता येत नाही. म्हणून श्वास थोडा सोडून क्षणभर थांबायचं, ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच ओढून ठेवायचा, गोळी, बोल्ट, पुन्हा श्वास. श्वास फार वेळ कोंडला तर नजर धूसर होते. उभ्याने तर मांड्या थरथरत असतात. साइट अगदी स्थिर होईल म्हणून जो वाट पाहतो, त्याची थरथर वाढतच जाते. ही लय दमलेल्या अंगालाच शिकवावी लागते. बायथलॉनपटू उन्हाळ्यात रोलर स्कीवर घाम गाळून थेट रेंजवर येतात ते यासाठीच.

आपली मुलं मात्र शांत हॉलमध्ये, विश्रांती घेऊन सराव करतात आणि फायनलला छाती धडधडू लागली की गांगरतात. मी त्यांना जिने चढायला लावते आणि लगेच रिकाम्या रायफलीवर ड्राय फायर करून घेते. नंतर गोळ्यांवर आलं की त्या दिवशी गुण घसरतात, पालक काळजीत पडतात. घसरू देत. राज्याच्या शिबिरांत आठवड्यातून एक सत्र असं ठेवावं, आणि त्या सत्राचे गुण निवडीसाठी धरू नयेत.